बीज आधी की अंकुर?

गेल्या पावसाळ्यात ६४-बिट रास्पबेरी पायवर 'गो' ही भाषा सोर्सपासून बांधायला बसलो. २०१५ च्या १.५ आवृत्तीपासून गोचा कंपायलर (सोर्सचं यंत्रभाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) गोमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे गो बांधायला आधी गो हवी. सी भाषेतल्या कंपायलरची १.४ आवृत्ती घ्यावी, तर तिला पायचा एआरएम६४ प्रोसेसर ठाऊकच नाही. शेवटी लॅपटॉपवर पायसाठीचा कंपायलर तयार केला, पेनड्राइव्हवरून नेला, तेव्हा कुठे गो उभी राहिली.

त्या रात्री बीजांकुरन्याय आठवत राहिला: अंकुराला आधी बीज हवं, बीजाला आधी अंकुर. अशा न संपणाऱ्या साखळीला नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, अनवस्था म्हणतात, एरवी तो दोषच. कंपायलरांच्या साखळीत तर विश्वासाचाही प्रश्न आहे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की सोर्स निर्मळ असला तरी कंपायलर आपल्या पोटातला दगा पुढच्या कंपायलरला देऊ शकतो. मग विश्वास टेकवायचा कशावर?

मला मीमांसक कुमारिल भट्टांचं उत्तर पटतं: बाध, म्हणजे खोडून काढणारं कारण, दिसेपर्यंत ज्ञान स्वतःच प्रमाण. मात्र बाध शोधायची तयारी हवी, आणि ही तयारी मी श्रद्धेचाच भाग मानतो. ग्विक्स या लिनक्स वितरणाच्या मंडळींनी २०२३ मध्ये कंपायलरांची ही साखळी ३५७ बाइटांच्या बीजापर्यंत मागे नेली. एवढे बाइट माणूस एका बैठकीत तपासू शकतो.