ओझे आणि जखम



बापाच्या पापाचा जाब मुलाला विचारला जाणार नाही, हे तत्त्व दिव्य कुरआनात वारंवार आले आहे. मग बापाची मानहानी मुलाच्या अंगात का उतरते?

काही महिन्यांपूर्वी नवीन पनवेलमध्ये जुमाच्या नमाजनंतर एका वृद्ध नमाजींच्या चपला सापडेनात. दारापाशी भंगार वेचणारा दहा-अकरा वर्षांचा कातकरी मुलगा होता. कोणी एक शब्दही उच्चारला नाही. केवळ नजरा वळल्या, त्यांत माझीही होती. मुलाने न सांगता आपले पोते जमिनीवर उलटे केले आणि दोन पावले मागे सरकून उभा राहिला. चपला थोड्या वेळाने दुसऱ्याच कप्प्यात मिळाल्या.

हे त्याला कोणी शिकवले? खैराच्या झाडापासून कात काढणारी ही जमात. इंग्रजांनी जंगले राखीव केली, उपजीविका हिरावली आणि कायद्याने गुन्हेगार जमातींत तिला गोवले. म्हणजे मूल जन्मतःच संशयित! 25 सप्टेंबर 1930 रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात नाग्या कातकरी यांनी प्राण दिले, तरी समाजाच्या नजरेतला शिक्का पुसला गेला नाही. कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पोते उलटे करण्याची सवय मात्र आजोबांकडून नातवापर्यंत आली.

हजरत मूसा (अलै.) यांच्या लोकांचे स्मरण करा. फिरऔनच्या गुलामीतून सुटूनही पवित्र भूमीत पाऊल टाकण्याचे धैर्य त्यांना झाले नाही आणि ते चाळीस वर्षे रानात भटकले. इब्न खल्दून यांनी ‘मुकद्दमा’त याचा मार्मिक अर्थ लावला आहे: अपमानात वाढलेली पिढी सरून, ज्या पिढीने गुलामी पाहिलीच नाही ती उभी राहण्यास तेवढा काळ लागला. अर्थात भित्रेपणा रक्तात नसतो; जुलूम तो घडवतो.

येथे तर सत्तरहून अधिक वर्षे लोटली. मग जखम का भरली नाही? कारण त्या रानात फिरऔन नव्हता. आपल्याकडे तो रूप बदलून राहिला. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. तेवढे महिने मुलांची शाळा बुडते. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, ही प्रेषित (सल्ल.) यांची शिकवण आपल्याला पाठ आहे, परंतु आपल्या घराची वीट कोणी थापली आणि त्याची उचल फिटली का, हे आपण कधी विचारतो?

कोणी म्हणेल, इंग्रजांच्या अन्यायाशी आपला काय संबंध? पाप आपले नाही, हे खरे. पण वारसाहक्काचा नियम आठवा: वारसांत वाटणी होण्याआधी मृताचे कर्ज फेडले जाते. ज्या भूमीवर आपण सुखाने नांदतो, तिच्यावरील देणे न फेडता केवळ वाटा घेणे न्याय्य ठरेल काय?

आणि माझ्या नजरेचे पाप तर माझेच होते. अल्लाहचा हक्क चुकला तर त्याच्याकडे तौबा करता येते. माणसाचा हक्क चुकला, तर त्या माणसाकडेच जावे लागते. पुढच्या जुमाला मी त्या मुलाची वाट पाहिली. तो आला नाही. अजून शोधतो आहे. आपल्या दाराशी असे कोणी आले, तर वाचकहो, त्याला पोते उलटे करू देऊ नका. आधी सलामतीची विचारपूस करा.