गुणतालिका आणि कृपा

कॅनडातल्या वॉनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला त्याचा स्कोअर विचारा, तो झोपेतही सांगेल. 'एक्स्प्रेस एन्ट्री' या इथल्या स्थलांतर-पद्धतीच्या तक्त्यात विशीतल्या एकट्या अर्जदाराला वयाचे ११० गुण मिळतात, तिशीपासून ते उतरू लागतात आणि पंचेचाळिशीला शून्यावर येतात. भाषेचे गुण वेगळे, पदवीचे वेगळे, अनुभवाचे वेगळे. सगळे मिळून १२००. आय.ई.एल.टी.एस. या इंग्रजीच्या चाचणीत अर्धा बँड वाढवण्यासाठी पुन्हा परीक्षेला बसलेली माणसे इथे घरोघरी सापडतात. मेपलमधले घर, चारशे सात नंबरच्या हायवेवरची रोजची ये-जा, मुलांची शाळा, हे सगळे त्या तक्त्याच्या पायावर उभे आहे. आपण पात्र होतो म्हणून आलो, यावर आमची श्रद्धा आहे. देवावरच्या श्रद्धेपेक्षा ती बहुधा जास्तच पक्की असावी.

याच शहरात, वुडब्रिजच्या बाजूला, रविवारी सकाळी म्हातारी इटालियन जोडपी चर्चमध्ये मिस्साला जातात. तिथे जे सांगितले जाते ते आमच्या या श्रद्धेच्या नेमके उलट असते: देवासमोर तुमचा स्कोअर शून्य आहे, आणि तरीही तुम्हाला आत घेतले आहे. ख्रिस्ती धर्मात कृपा म्हणतात ती हीच. गुणवत्ता यादीवर वाढलेल्या मराठी मध्यमवर्गीय मनाला हे ऐकून आधी संशय येतो. पात्रता न पाहता आत घेतले? म्हणजे वशिलाच की!

हा संशय झटकून टाकण्यासारखा नाही. कॅनडाने १९६७ साली गुणपद्धत आणली तेव्हा शंभरापैकी पन्नास गुण मिळवणारा पास होत असे, मग त्याची कातडी कोणत्याही रंगाची असो. त्याआधी, १९५१ साली, भारतीयांसाठी वर्षाला दीडशे जणांचा कोटा होता. युरोपातल्यांना मात्र दार उघडे होते. वॉनच्या इटालियन वस्तीतले कितीतरी जण पन्नाशीच्या दशकात आधी आलेल्या भावाच्या नाहीतर काकाच्या हमीवर आले. टोरोंटोची घरे आणि भुयारे बांधताना ते जिवाचे रान करून राबले, हेही खरे. पण आमच्यासाठी गुणपद्धत हा न्याय होता. मोजमाप आले आणि 'कोणाचा कोण' हा प्रश्न मागे पडला. मग मोजमाप नाकारणाऱ्या देवावर आम्ही का भाळावे?

उत्तर शोधताना मला धर्मपंडितांपेक्षा पंडिता रमाबाई जास्त उपयोगी पडतात. रमाबाई मुळात गुण कमावणाऱ्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंबाला घेऊन तीर्थामागून तीर्थे हिंडले, पुराणे सांगितली, दानधर्म केला, उपासतापास केले. पुण्याची जमा बाजू इतकी भरभक्कम असूनही १८७४ च्या दुष्काळात आईवडील दोघेही गेले. पुढे वीस वर्षांच्या या मुलीने कलकत्त्यात आपल्या संस्कृतने पंडितांना थक्क केले, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळवल्या. १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात मुलगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

इथे कथा संपायला हवी होती, पण बाईंची खरी कथा इथून पुढे आहे. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनशी त्या पत्रांतून सतत वाद घालत राहिल्या. त्रैक्यासारखा सिद्धांतही त्यांनी तपासल्याशिवाय गिळला नाही. आणि पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे धर्म बदलला, वही तीच राहिली. एका पानावरचे पुण्य दुसऱ्या पानावर ओढले गेले एवढेच. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ पाद्री होऊन काही वर्षे झाल्यावर, स्वतःच प्रवचन देत असताना पालटला होता. बाईंना आपलेच निदान सापडले. काही करून दाखवण्याच्या आधीच आपण स्वीकारलेले आहोत, ही गोष्ट त्यांना तेव्हा पटली.

त्यानंतर बाई हात जोडून बसल्या असत्या तर कृपेविरुद्धचा आक्षेप तिथेच सिद्ध झाला असता. झाले भलतेच. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, आजारी, टाकून दिलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर 'मुक्ती' ही त्यांची संस्था उभी राहिली: विहिरी, शेती, गाईगुरे, विणकाम, छापखाना. या मुलींकडे कोणत्याही तक्त्यात भरण्यासारखे काही नव्हते. जात विचारावी तर कित्येकींची तळाची, शिक्षण नाही, अंगात ताकद नाही, पाठीशी माणूस नाही. वशिला आणि कृपा यांतला फरक मला इथे दिसतो. वशिल्याला निदान एक काका लागतो. तोही मोजमापच करतो, फक्त तुमच्याऐवजी तुमच्या गोतावळ्याचे. या मुलींना काकाही नव्हता.

कृपा आणि प्रयत्न यांचे नाते काय, हा वाद ख्रिस्ती जगाला पंधराशे वर्षांहून अधिक काळ पुरला आहे. पेलेजियस म्हणाला, माणसाने ठरवले तर तो नीट वागू शकतो; ऑगस्टिन म्हणाला, ठरवण्याची ताकदसुद्धा दिलेलीच असते. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचे मत धिक्कारले. ल्यूथरने १५१७ मध्ये पुन्हा ठिणगी टाकली, आणि कॅथलिक व ल्यूथरन मंडळींनी या मुद्द्यावरच्या समान भूमिकेवर सह्या केल्या त्या थेट १९९९ साली, ऑग्जबर्गमध्ये. आपल्याकडेही दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांचे यावरून दोन तट पडले. माकडाचे पिल्लू आईला स्वतः घट्ट धरते, मांजराचे पिल्लू नुसते लोंबकळते आणि आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्त यांतला कोण? रमाबाईंना या कोड्यात बसवता येत नाही. त्यांचे राबणे पाहिले तर त्या माकडाच्या पिल्लासारख्या, आणि विचारले असते तर त्यांनी स्वतःला मांजराचे पिल्लू म्हटले असते.

माझ्या मते कृपा काम कमी करत नाही. कामाचे हिशेबातले स्थान काढून घेते. आम्ही वॉनमध्ये काम करतो ते बहुतेक वेळा आपले इथे असणे रास्त आहे हे सिद्ध करण्यासाठी. म्हणून नोकरी गेली की पगारापेक्षा मोठे काहीतरी गेल्यासारखे वाटते, आणि माणूस शेजाऱ्यांपासून तोंड लपवतो. जे सिद्ध करायचेच नाही त्यासाठी राबणे ही वेगळी मनःस्थिती आहे. येशूच्या दाखल्यात द्राक्षमळ्याचा मालक शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही दिवसभराची मजुरी देतो, आणि सकाळपासून उन्हात राबलेले चिडतात. मी तो दाखला वाचतो तेव्हा मीही त्या चिडलेल्यांच्याच रांगेत असतो. रात्र रात्र जागून स्कोअर वाढवलेला माणूस आणखी कुठे असणार?

आता आईवडिलांचे पाहा. त्यांना कायमचे इथे आणायचे तर त्यांचे गुण कोणी विचारत नाही. २०१७ मध्ये सरकारने त्यासाठी चक्क सोडत काढली. गुण नाहीत, वशिला नाही, फक्त नशीब. पण सोडतीला कृपा म्हणता येणार नाही. चिठ्ठीला आई कोण हे माहीत नसते. ख्रिस्ती माणूस ज्या देवावर विसंबतो तो नावानिशी ओळखतो आणि ओळखूनही मोजत नाही. आम्हाला खरे अवघड जाते ते हेच, कारण ओळखणाऱ्यासमोर लपता येत नाही आणि न मोजणाऱ्यासमोर मिरवता येत नाही.

कृपेची स्वस्त आवृत्तीही बाजारात आहे. नाझींच्या काळात, १९३७ मध्ये, डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाद्रीने तिला नावच दिले: स्वस्त कृपा. पश्चात्ताप नको, किंमत नको, फक्त माफी हवी. टीव्हीवरचे काही प्रचारक आणखी पुढे जातात; विश्वास ठेवा, घर मिळेल, आजार पळेल. ही तर गुणतालिकाच झाली, फक्त परीक्षेचा विषय बदलला.

रमाबाईंच्या वाट्याला असे काही आले नाही. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनातल्या धर्मांतराच्या प्रकरणावरून १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पुण्याची वर्तमानपत्रे तुटून पडली. १९२१ मध्ये, ज्या मुलीवर सगळे काम सोपवायचे होते ती मनोरमाही गेली. हिब्रू आणि ग्रीक शिकून बाई कित्येक वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करत होत्या. मुलगी गेल्यावरही ते काम त्यांनी थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या तेव्हा भाषांतर हातावेगळे झाले होते. ते पुस्तकरूपाने पाहायला मात्र त्या उरल्या नाहीत.