धडधडणारें हृदय व त्याहून थोर असा देव

आधारवचनें : स्तोत्र ३८, ओवी १०, योहानाचें पहिलें पत्र, अध्याय ३, ओवी २०



वरील पहिल्या ओवींत स्तोत्रकर्ता आपलें हृदय धडधडत असल्याचें देवापुढें उघड बोलतो. दुसऱ्या ओवींत योहान प्रेषित सांगतो कीं, आपलें अंतःकरण आपणांस दोष लावूं लागलें तरी देव त्या अंतःकरणाहून थोर आहे. एका वचनापासून दुसऱ्यापर्यंतची वाट आज आपणांस चालावयाची आहे.

रत्नागिरी जिल्ह्यांतील आपल्या खेड्यांत हें दुःख कसें येतें तें पाहा. दिवा मालवला आहे, घर निजलें आहे, बाहेर पावसाची झड लागली आहे, घरधनी पोटासाठीं मुंबईस आहे. अशा वेळीं एकाएकीं छातींत धडधड सुरू होते. एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो, आणि मग एक जोराचा ठोका घशापर्यंत येतो. ती बाई उठून बसते, मनगट धरून नाडी पाहते, आणि आपली शेवटची घटका आली असें समजते. सकाळीं शेजारीण म्हणते, "बाहेरची बाधा आहे, कौल लावून पाहा." दुसरी म्हणते, "जुनें दैवत सोडलेंत, त्याचा हा कोप." आणि दुःखाची गोष्ट ही कीं, मंडळींतीलच कोणी म्हणतो, "बाई, तुमचा विश्वास कमी पडला." येणेंप्रमाणें एका ओझ्याचीं तीन ओझीं होतात.

तर प्रथम, परमेश्वरानें हें हृदय कसें निर्माण केलें तें समजून घेऊं. विसाव्याच्या वेळीं मोठ्या माणसाचें हृदय एका मिनिटांत साधारण ६० ते १०० ठोके देतें; म्हणजे दिवसाकाठीं सुमारें एक लाख. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यांत एक बारीकसें ठिकाण आहे, तेथून प्रत्येक ठोक्याची आज्ञा निघते. हें ठिकाण किथ व फ्लॅक ह्या दोन ब्रिटिश संशोधकांनीं १९०७ सालीं दाखवून दिलें. कधीं कधीं हृदयाचा दुसराच एखादा भाग वेळेआधीं आज्ञा देतो. तो ठोका घाईचा व हलका पडतो. त्यामागून हृदय क्षणभर विसावतें. त्या विसाव्यांत अधिक रक्त भरतें, म्हणून पुढचा ठोका जोराचा लागतो. आपणांस ठोका चुकला असें वाटतें तें ह्यामुळें. हृदय बंद पडत नसतें. भाट्याच्या किनाऱ्यावर एखादी लाट घाईनें येते, मग जरा शांत होतें, मग मोठी लाट फुटते. तेवढ्यावरून समुद्र आपली मर्यादा विसरला असें कोणी म्हणत नाहीं.

इंग्लंडांतील बर्नली गांवीं जेम्स मॅकेन्झी नांवाचे एक डॉक्टर होते. त्यांनीं आपल्या रोग्यांच्या नाडीचे आलेख घेतले, आणि त्याच माणसांकडे वर्षानुवर्षें लक्ष ठेविलें. त्यांचा नाडीविषयींचा ग्रंथ १९०२ सालीं निघाला. असे अधिक ठोके पडणारीं पुष्कळ माणसें निरोगी राहतात, त्यांस भिववून खाटेवर निजवून ठेवणें हाच अपाय होय, असें त्यांनीं दाखविलें. भयाचें काम असें आहे कीं, तें हृदयास धांवडवितें, आणि धांवणारें हृदय पाहून तें आणखी वाढतें.

दुसरें, सर्वच धडधड निरुपद्रवी असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. अंगांत रक्त कमी असणें, ताप, गळ्यांतील ग्रंथीचा विकार, लहानपणीं सांधेदुखीच्या तापानें बिघडलेल्या हृदयाच्या झडपा, हींही कारणें असतात. म्हणून एकदां डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा जिल्ह्याच्या रुग्णालयांत हृदयाचा आलेख, ज्यास ईसीजी म्हणतात, काढण्याविषयीं विचारावें. जरूर वाटल्यास डॉक्टर एक लहान यंत्र दिवसभर अंगावर बांधून ठोके पाहतात. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातींत कळ आली, दम लागला, श्रम करतांनाच धडधड होऊं लागली, किंवा घराण्यांत कोणी तरुणपणीं अकस्मात् मेलें असलें, तर विलंब करूं नये. वृद्धाची नाडी सदाच अनियमित चालत असली तरीही दाखवावी. शुद्ध हरपली किंवा छातींत कळ आली, तर १०८ क्रमांकाची गाडी तत्काळ बोलवावी. औषध घेणें म्हणजे अविश्वास नव्हे. लूक हा वैद्यच होता, आणि पौलानें त्यास प्रिय म्हटलें आहे. ह्याच श्रद्धेनें डॉ. वॉन्लेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेस मिशनचें रुग्णालय उघडलें.

तिसरें, डॉक्टरांनीं "हृदय निकोप आहे" असें सांगितल्यावर तें वचन धरून ठेवावें. येथेंच खरी लढाई आहे. तपासणी झाली तरी मन दुसऱ्या डॉक्टरांकडे, तिसऱ्याकडे धांवतें. बोट पुनःपुन्हां नाडीवर जातें. हें धडधडणें म्हणजे देवाचा कोप किंवा विश्वासाची उणीव, असें ज्यांस वाटतें त्यांनीं एलीयाकडे पाहावें. तो भयानें रानांत पळाला आणि मरण मागूं लागला. देवानें त्याला प्रथम रागें भरलें नाहीं. झोंप दिली, भाकर दिली, पाणी दिलें, आणि मग आपला शब्द ऐकविला. गेथशेमाने बागेंत तर आपला प्रभु स्वतः व्याकूळ झाला. त्यानें तें शिष्यांपासून लपविलें नाहीं. जें प्रभूनें सोसलें तें पाप कसें म्हणावें? कांपणाऱ्या हातानें प्रभूचा हात धरिला तरी धरणारा हात त्याचाच बळकट असतो.

आतां आचरणाची गोष्ट. चहा कमी करावा. तंबाखू व मिश्री सोडावी. झोंप मोडूं नये. धडधड सुरू झाली तर नाडी मोजूं नये. श्वास सावकाश आंत घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. "पित्या, हें हृदय तुझें आहे" एवढीच प्रार्थना करावी, आणि जें काम हातीं होतें तें पुढें चालवावें. धडधड लगेच न थांबली तरी काम थांबवूं नये. भय आठवड्यामागून आठवडे सोडीना, तर मनाच्या डॉक्टरांकडे जाण्यास लाजूं नये. रत्नागिरीचें मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. त्याच्या नांवानेंच पुष्कळ लोक कचरतात, पण मनाचें दुखणें हाडाच्या दुखण्याहून अधिक लज्जास्पद नाहीं.

उपदेशक बंधूंनो, अशा घरीं जाल तेव्हां आधीं ऐका, मग बोला. "विश्वास ठेवा म्हणजे थांबेल" असें वचन देऊं नका. देवानें तसें वचन दिलेलें नाहीं. तो आपणांजवळ राहील, हें वचन त्यानें दिलें आहे. त्या माणसाबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जा. रात्रीं एकटी असलेल्या बहिणीच्या सोबतीस शेजारच्या बहिणीस पाठवा. मंडळी ती ह्याचसाठीं.

आपले ठोके आपण मोजावे असें देवानें सांगितलेलें नाहीं. ज्यानें पहिला दिला, त्याच्या हातीं शेवटचाही आहे. मधले सर्व त्याच्या सेवेसाठीं आपणांस दिले आहेत. तो थोर देव प्रत्येक भयभीत अंतःकरणास आपली शांति देवो. आमेन.