चिंध्यांची ऊब

छत्रपती संभाजीनगर म्हटलं की हिमरूची शाल आठवते. सुती ताणा, रेशमी बाणा. परंपरा थेट तुघलकाच्या दौलताबादेपर्यंत नेऊन भिडवतात. शाल देखणी खरीच!

पण मराठवाड्यातल्या घराघरांत थंडी अडवली ती गोधडीनं. आत जुन्या लुगड्यांचे थर, वरून सदऱ्या-परकरांची ठिगळं, आणि कडेकडून मध्याकडे सरकणारा धावदोरा. माग नको की दुकान नको. जाड सुई अन् दुपारची सवड पुरे. काही घरांत शेवटच्या टाक्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवतात. गोधडी उपाशी राहू नये म्हणून!

चिंध्यांतून अशीच ऊब देणारे संत म्हणजे गाडगेबाबा (1876–1956). जगण्याचा अर्थ काय, हे त्यांना कुणी विचारलं असतं, तर त्यांनी बहुधा हातात खराटाच दिला असता. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, आणि लोकांच्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा बांधल्या त्या परक्या वाटसरूंसाठी.