काढला की थांबतं

गेल्या दिवाळीत डहाणूला गेलो तेव्हा काकांनी माळ्यावरचा ४८६ भंगारात द्यायला काढला होता. चिकूच्या धंद्याचा हिशेब कित्येक वर्षं त्याच्यावरच व्हायचा. मी तिसरीत असताना तलासरीहून एसटीने एक दादा हिशेबाला यायला लागला आणि कॉम्प्युटर आठवड्यातून दोनदा गोठायला लागला. काका म्हणाले, याचा हातच वाईट. दादाला काढलं. गोठणं थांबलं.

भंगारवाला यायच्या आधी मी तो चालू करून पाहिला. (चालू झाला. माझा तीन वर्षांचा लॅपटॉप काही शिकेल तर बरं.)

डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवतं. पण काही प्रोग्राम काम संपल्यावरही मेमरीत मुक्काम ठोकतात. त्यांना टीएसआर म्हणतात. १९८४च्या साइडकिकने हा प्रकार लोकप्रिय केला: दोन कळा दाबा, कॅल्क्युलेटर हजर. त्यासाठी प्रोग्राम कीबोर्डच्या इंटरप्टचा पत्ता खोडून तिथे स्वतःचा लिहितो. परवानगी कुणाची घ्यायची नसते. ६४० केबीची चाळ, आणि मालक नाहीच. १९९०मध्ये भारतात सापडलेला ‘जोशी’ व्हायरसही असाच मेमरीत बसायचा आणि ५ जानेवारीला स्वतःला वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करायला लावायचा. पाहुणा कोण, घुसखोर कोण, हे यंत्राला कळत नाही.

काकांच्या यंत्रात असे दोघे होते. एक डॉसचाच ‘प्रिंट’, मागच्या मागे बिलं छापणारा. दुसरा एक छोटा कॅल्क्युलेटर. एकेकटे दोघेही गुणी. पण छपाई चालू असताना कॅल्क्युलेटर उघडला की सगळं ठप्प. डॉस कामात असेल तर थांबायचं असतं. हा न थांबता मध्येच घुसायचा.

आधीचे मुनीम कॅल्क्युलेटर उघडायचेच नाहीत. दादा बिल छापत असताना बेरीज पुन्हा तपासून बघायचा.

असा बिघाड शोधायची रीत सोपी आहे. ऑटोएक्झेक फाइलमधल्या एका ओळीपुढे ‘रेम’ लिहायचं, यंत्र पुन्हा सुरू करायचं, बघायचं. मी ‘प्रिंट’ काढला, गोठणं थांबलं. तो परत ठेवून कॅल्क्युलेटर काढला, तरी थांबलं. काकांनी दादाला काढलं, तेव्हाही थांबलंच होतं. कुणाला काढल्यावर थांबतं, एवढंच या रीतीतून कळतं. दोष कुणाचा, हे नंतर आपण त्यात भरतो. आणि भरताना शेवटी आलेला, काढायला स्वस्त पडणारा माणूस आधी दिसतो.

काकांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तेव्हा आम्हाला कसं कळणार होतं रे?”

कळलं असतं. गोठलं तेव्हा काय करत होतास, एवढं दादाला विचारायचं होतं. पण हे मी बोललो नाही. गेल्याच महिन्यात सर्व्हर कोसळला तेव्हा टीममधल्या नव्या मुलीचा बदल मी दहा मिनिटांत मागे घेतला होता. सर्व्हर सावरला, मॅनेजरने पाठ थोपटली. तिला मी काहीच विचारलं नव्हतं.

काकांकडे दादाचा पत्ता नाही. भंगारवाल्याला मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, आणि तिला मेसेज लिहायला घेतला.