उद्धृत पाणी

ब्रह्मा घाटावरच्या आमच्या घरी सायकली दोन होत्या, आणि माझ्या आठवणीत त्या रस्त्यावर जितक्या चालल्या तितक्याच आमच्या खांद्यावर. काशीचा हा काठ उंच, पलीकडे नुसती वाळू. चौखंब्याच्या गल्लीत उतरून सायकल हातात धरायची, पायऱ्या लागल्या की उचलायची.

आजीचे गुडघे गेले तेव्हा मी चौदाचा. कार्तिक लागला, शेजारच्या पंचगंगा घाटावर बांबूंच्या टोकांना आकाशदिवे चढले, आणि खिडकीशी बसलेली आजी म्हणाली, "बाळ्या, माझ्या कार्तिकस्नानापुरती गंगेची एक कळशी आणशील का रे?" महिनाभर आणली. पुराचा गाळ पायऱ्यांच्या कडांना अजून चिकटलेला असे. अनवाणी, अंगठा रोवत चढायचे, दर दहा पायऱ्यांना हात बदलायचा.

घरी येणारे शास्त्रीबुवा म्हणाले, हे उद्धृत पाणी, काढून आणलेले. नदीतल्या बुडीची सर त्याला नाही. शास्त्र तसेच आहे. पण त्याच शास्त्रात स्नानाचे सात प्रकार सांगितलेत: मंत्राचे, भस्माचे, गाईंच्या खुरांच्या धुळीचे, उन्हातल्या पावसाचे, अगदी नुसत्या मनाचेसुद्धा. घामाचे तेवढे नाही. यादी करणाऱ्यांनी कळशी कधी वाहिली नसावी.

मग पुण्य कोणाचे? दुसऱ्याच्या नावाने बुडी मारली तर त्यालाही वाटा मिळतो, असे ग्रंथ म्हणतात. मी तर बुडी मारलीच नव्हती. थंडीत कोण मारणार! संकल्प आजीचा, पाय माझे. एका स्नानाला दोन माणसे लागली, आणि हा हिशेब कुठल्या पोथीत बसत नाही.

एकनाथांनी भागवताची टीका याच काशीत शके 1495 च्या कार्तिकी पौर्णिमेला पुरी केली. रामेश्वराला न्यायची त्यांची गंगा वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली गेली, ही गोष्ट आजीनेच सांगितलेली. ते पाणीही उद्धृतच होते. मी शास्त्रीबुवांना तसे म्हणालो. ते हसले, उत्तर दिले नाही.

पौर्णिमेला आजीने अर्धी कळशी अंगावर घेतली आणि उरलेली माझ्या गाळाने भरलेल्या पायांवर ओतली. गंगा पायांवर! शास्त्रीबुवा समोरच होते. शाळेला उशीर झाला होता. सायकल खांद्यावर टाकून मी पुन्हा पायऱ्या चढलो.