ठरलेली मजुरी आणि योग्य मजुरी



मत्तयच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला (20:1-16) आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिनार मिळाला, हे आपल्या लक्षात राहते. पण त्यातील एक गोष्ट सहसा सुटून जाते. पहाटे आलेल्या मजुरांशी मालकाने दिवसाचा एक दिनार ठरवला होता. नंतर नऊच्या सुमारास आलेल्यांशी त्याने काहीच ठरवले नाही. जे योग्य असेल ते देईन, एवढेच तो म्हणाला. म्हणजे एकाच मळ्यात दोन शब्द आले: ठरलेली मजुरी आणि योग्य मजुरी. या दोन्ही नेहमी एकच असतात का?

व्यवहारात आपण तसे धरून चालतो. 'त्याने कबूल केले, आपण तेवढे दिले. यात अन्याय कसला?' असे म्हणून आपण मोकळे होतो. 1891 साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरूम नोव्हारूम' या परिपत्रकात नेमका हाच मुद्दा घेतला. त्यांची शिकवण अशी की, गरजेपोटी किंवा आणखी वाईट होईल या भीतीने मजूर कमी मजुरी मान्य करतो, तेव्हा तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी असतो. कोणत्याही करारापेक्षा नैसर्गिक न्याय जुना आहे. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह होईल इतकी मजुरी हवीच. 2025 साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनीही आपल्या नावामागचे कारण सांगताना याच परिपत्रकाची आठवण करून दिली.

आपल्या भागात हा प्रश्न जुना झालेला नाही. करोनाच्या काळात 23 मार्च 2020 रोजी मुंबईचा सेन्सेक्स 26 हजारांच्या खाली बंद झाला होता. 21 जानेवारी 2021 रोजी त्याने 50 हजारांचा टप्पा ओलांडला. दहा महिन्यांत जवळजवळ दुप्पट! त्याच आर्थिक वर्षात देशातील 7.5 कोटींहून अधिक कुटुंबे रोजगार हमीच्या कामावर गेली. आणि सेन्सेक्सच्या त्या विक्रमाला महिना होतो न होतो तोच, 22 फेब्रुवारी 2021 पासून, अमरावती व अचलपूर शहरांत पुन्हा टाळेबंदी लागली. अचलपूरची फिनले मिल तर 2020 च्या टाळेबंदीत थांबली आणि टाळेबंदी उठल्यावरही नियमित सुरू झाली नाही. 'देश सावरला' असे आपण ऐकत होतो तेव्हा सगळे जण एकाच वेळी उठून उभे राहिले नव्हते. जो अजून उठलेला नाही, तो मिळेल त्या रोजाला 'हो' म्हणतो. त्याचे हे 'हो' आपण स्वखुशी समजायचे का?

'नाही' म्हणण्याची सोय असेल तरच 'हो' म्हणण्याला अर्थ असतो. महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, त्याचे मोल इथे आहे. सरकारी कामावर जाता येत असेल, तर मजूर बांधावरच्या कमी मजुरीला नकार देऊ शकतो. देशभर लागू झालेल्या 2005 च्या कायद्याच्या जागी डिसेंबर 2025 मध्ये संसदेने नवा कायदा मंजूर केला. त्यात कामाचे दिवस 100 वरून 125 झाले. मात्र पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण 60 दिवसांपर्यंत ही कामे थांबवण्याची तरतूदही आली. शेतकऱ्याला मजूर मिळावेत हा हेतू समजण्यासारखा आहे. पण मजुराला भाव मिळण्याचे दिवसही तेच असतात, हे विसरून चालणार नाही.

आपल्यातील कोणी म्हणेल, शेतकऱ्याचे तरी कुठे सावरले? हे खरेच आहे. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता, आणि बाजारात त्याहून कमी भाव मिळत होता. ज्याला स्वतःच्या मालाचा योग्य दाम मिळत नाही, त्याने योग्य मजुरी कुठून द्यावी? यावर आपल्याकडे सोपे उत्तर नाही. पण स्वतःवर झालेला अन्याय आपल्यापेक्षा दुबळ्याच्या खांद्यावर उतरवल्याने तो मिटत नाही. सोयाबीनला हमीभाव मागताना आपण जे म्हणतो, की खर्च निघून घर चालले पाहिजे, तेच वेचणीला येणारी बाई आपल्याला म्हणत असते.

संत गाडगेबाबांनी 20 डिसेंबर 1956 रोजी याच वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी देह ठेवला. त्यांच्या दशसूत्री संदेशात भुकेल्यांना अन्न आणि तहानलेल्यांना पाणी यांच्याच रांगेत बेकारांना रोजगार आहे. अन्न देणे हा धर्म आणि रोजगार हा नुसता व्यवहार, असा भेद बाबांनी केला नाही. आपणही तो करू नये.

मोठ्या धोरणांवर आपला हात पोहोचत नसेल, पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत. सूर्य मावळण्यापूर्वी मजुरी द्यावी, असे अनुवाद ग्रंथ (24:15) सांगतो. तेव्हा 'बाजाराच्या दिवशी या' असे म्हणू नये. सोंगणीला आणि निंदणाला बाईमाणसाचा रोज केवळ ती बाई आहे म्हणून कमी धरू नये. घरकामाच्या ताईला आजारपणाचे दिवस कापू नयेत. आणि चार माणसे जास्त उभी आहेत म्हणून भाव पाडू नये.

उद्या कोणाशी मजुरी ठरवताना आणखी एक प्रश्न स्वतःला विचारू या: या पैशात माझे घर एक दिवस चालले असते का? उत्तर 'नाही' असेल, तर ठरलेली मजुरी दिली तरी योग्य मजुरी द्यायची राहिली आहे.